समुद्राखालचा पर्माफ्रॉस्ट वितळतोय, पण त्यातला मिथेन हवेत किती पोहोचतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सैबेरियाच्या उत्तरेला समुद्राखालची वर्षानुवर्षं गोठलेली जमीन, म्हणजे पर्माफ्रॉस्ट, वितळते आहे आणि तिथून ५० अब्ज टन मिथेन कधीही बाहेर पडेल, असं तुम्ही एका व्हिडिओत ऐकलंत. दुसरीकडे ही निव्वळ आवई असल्याचं वाचलंत. सोबत या धोक्याबद्दलचा एक लेखही पाठवलात. मग खरं काय, आणि आपल्याला त्याची झळ कितपत लागेल?

या वादात तीन वेगळे आकडे एकमेकांत मिसळले जातात. खाली साठा किती आहे, तो किती वेगाने मोकळा होतोय, आणि मोकळा झालेल्यातला हवेत किती जातो. पहिला आकडा प्रचंड आहे, दुसरा त्यामानाने लहान, तिसरा त्याहूनही लहान. व्हिडिओवाले पहिला आकडा सांगतात आणि भीती तिसऱ्याची घालतात. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिसऱ्या आकड्यात आहे. पण ही जमीन मुळात समुद्राखाली गेली कशी, ते आधी पाहावं लागेल, कारण वेळेचा सगळा हिशोब तिथून निघतो.

सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. लाप्टेव्ह समुद्र, पूर्व सैबेरियन समुद्र, चुकची समुद्राचा मोठा भाग, बोफर्ट समुद्राचा किनारपट्टा, ही सगळी आजची समुद्रबूड जमीन तेव्हा कोरडी होती. सैबेरियाच्या या पट्ट्यावर जाड हिमस्तरही नव्हता. त्यामुळे जमीन उघड्या हवेच्या थंडीत हजारो वर्षं गोठत राहिली आणि कित्येक शे मीटर खोलीपर्यंत गोठली. मग हिमस्तर वितळले आणि समुद्र वर चढत या जमिनीवर पसरला. आज आर्क्टिकच्या समुद्राखाली असा पर्माफ्रॉस्ट प्रारूपांनुसार (संगणकावरच्या गणितांनुसार) साधारण २५ लाख चौरस किलोमीटरवर आहे आणि त्यातला बहुतेक सैबेरियाच्या बाजूला.

आता गंमत बघा. समुद्र आपल्याला थंडगार वाटतो, पण या जमिनीच्या दृष्टीने तो गरम आहे. उघड्यावर असताना तिचं सरासरी तापमान उणे १० अंशांच्याही खाली होतं. तळाचं पाणी उणे १ ते उणे १.८ अंशांच्या आसपास असतं. म्हणजे पाणी आलं त्याच दिवसापासून वितळण्याची सुरुवात झाली, माणसाने कोळसा जाळायला घेण्याच्या हजारो वर्षं आधी. म्हणून तळातून बुडबुडे निघताना दिसले की ते लगेच गेल्या ३०-४० वर्षांच्या तापमानवाढीच्या खात्यावर मांडता येत नाहीत. त्यातला मोठा भाग जुन्या घटनेचा आहे. आपण त्यात भर घालतोय, हे खरं. पण भर किती, हे जागेवर अवलंबून आहे.

वेग किती असतो ते कागदावर काढता येतं. समजा गाळाच्या एका घनमीटरमध्ये आकारमानाने ४० टक्के बर्फ आहे. तो वितळवायला साधारण १२ कोटी ज्यूल अप्रकट उष्मा (तापमान न वाढवता नुसता बर्फ वितळवण्यात खर्च होणारी उष्णता) लागतो. वरचे २० मीटर आधीच वितळलेले आहेत आणि समुद्रतळ ते बर्फाची पातळी यांत २ अंशांचा फरक आहे असं धरलं, तर ओल्या गाळातून दर चौरस मीटरला सुमारे ०.२ वॅट उष्णता खाली जाते. वर्षभरात ती होते ६० लाख ज्यूलच्या थोडी वर. भागाकार केला की वर्षाला ५ सेंटिमीटर. वितळलेला थर जाड होत जातो तसा हा वेग कमी होतो, कारण उष्णतेला जास्त अंतर कापावं लागतं. खालूनही भूगर्भाची उष्णता येत असते. दर चौरस मीटरला ०.०६ वॅट धरली तर तळाकडून वर्षाला दीड सेंटिमीटर. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण १०,००० वर्षांत ते १५० मीटर होतात.

या हिशोबात मीठ धरलेलं नाही, आणि नवखे इथेच फसतात. खारं पाणी गाळात मुरलं की बर्फ शून्याखालच्या तापमानातही वितळतो. त्यामुळे बोअरमधल्या तापमापकाने उणे १ अंश दाखवला म्हणून तो थर गोठलेला आहे असं समजू नका. बर्फाने बांधलेला थर कुठे सुरू होतो हे ठरवायला गाळाचा नमुना, त्यातल्या पाण्याची क्षारता आणि ध्वनिलहरींचा वेग, हे तिन्ही लागतं. बर्फाने घट्ट बांधलेल्या गाळात ध्वनी सुट्या ओल्या गाळापेक्षा स्पष्टपणे वेगाने जातो. तापमान मोजणं सोपं असतं, म्हणून अनेक नकाशे निव्वळ तापमानावर काढलेले असतात. ते वाचताना हे लक्षात ठेवा.

प्रत्यक्ष मोजणी काय सांगते? लीना नदीच्या मुखाजवळच्या बुओर-खाया उपसागरात १९८० च्या दशकात बोअर घेतले होते. त्याच जागी पुन्हा बोअर घेऊन केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. बर्फाची वरची पातळी तिथे सरासरी वर्षाला १४ सेंटिमीटर खाली गेली होती. याउलट २०११ च्या एका विश्लेषणात असं दिसलं, की १० मीटरपेक्षा उथळ किनारपट्ट्यात उन्हाळ्यातलं तळाचं पाणी १९८० च्या दशकाच्या मध्यापासून २.१ अंशांनी तापलं, आणि तरी प्रारूपाच्या हिशोबाने त्या पंचवीसेक वर्षांत बर्फाची पातळी जेमतेम एक मीटर खाली सरकली. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. नदीचं कोमट पाणी, तळाची क्षारता, ती जागा पाण्याखाली कधी गेली, तिथे पूर्वी तळं किंवा नदीचं पात्र होतं का, यांवर दहापट फरक पडतो. चार बोअरचा आकडा उचलून अख्ख्या समुद्राला लावणं हा या विषयातला सगळ्यात जुना रोग आहे.

आता वायूकडे वळू. मिथेन तीन ठिकाणांहून येतो. वितळलेल्या गाळातलं जुनं सेंद्रिय द्रव्य जिवाणू कुजवतात, तो एक. गोठलेल्या थराखाली आधीपासून अडकून असलेला वायू, हा दुसरा. आणि मिथेन हायड्रेट, म्हणजे पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात बंद झालेला मिथेन, हा तिसरा. एक घनमीटर हायड्रेट फुटलं की सामान्य दाबाला सुमारे १६४ घनमीटर वायू होतो. हा आकडा व्हिडिओत हमखास असतो. त्यात हे नसतं, की हायड्रेट टिकायला दाब लागतो, आणि पर्माफ्रॉस्टमध्ये तो साधारण २०० मीटर खोलीच्या पुढेच मिळतो. त्यातून हायड्रेट फुटताना उष्णता शोषून घेतं, म्हणजे स्वतःच्याच फुटण्याला लगाम घालतं. समुद्रतळावर एक अंश तापमान वाढलं तर ती ऊब तिथवर पोहोचायला शतकं जातात. नुसतं उष्णतावहन धरलं तरी १०० मीटरला सुमारे ३०० वर्षं, आणि वाटेत बर्फ वितळवायचा असेल तर कितीतरी अधिक.

यापुढे येतात त्या गाळण्या. पहिली गाळातच असते. समुद्राच्या पाण्याबरोबर सल्फेट खाली मुरतं, आणि ऑक्सिजन नसलेल्या त्या थरात सूक्ष्मजीव सल्फेटच्या मदतीने मिथेन संपवतात. वायू विरघळून सावकाश वर येत असेल तर इथेच त्याचा निकाल लागतो. लाप्टेव्ह समुद्रातल्या एका बोअरमध्ये हे स्वच्छ दिसलं: गोठलेल्या थरात मिथेन होता, त्याच्या वरच्या वितळलेल्या थरात जवळपास नव्हता. भेगेतून बुडबुड्यांचा झोत आला तर मात्र ही गाळणी कामाची नाही, कारण सूक्ष्मजीवांना वेळच मिळत नाही.

दुसरी गाळणी म्हणजे पाण्याची खोली. काही मिलिमीटरचा बुडबुडा सेकंदाला २०-२५ सेंटिमीटर वेगाने चढतो, म्हणजे ५० मीटर पाण्यातून यायला त्याला चारेक मिनिटं लागतात. तेवढ्यात त्यातला मिथेन पाण्यात उतरतो आणि पाण्यातला नायट्रोजन-ऑक्सिजन त्यात शिरतो. पृष्ठभागावर बुडबुडा फुटताना दिसतो खरा, पण तोवर त्यात बहुतेक साधी हवाच उरलेली असते. पाणी १०० मीटरच्या पुढे असेल तर हवेत जवळपास काही जात नाही. १०-२० मीटर असेल तर बराच वाटा निसटतो. पाण्यात विरघळलेला मिथेन मग तिसऱ्या गाळणीत जातो. तिथे जिवाणू त्याचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करतात. थंड पाण्यात हे काम संथ चालतं. वर नद्यांच्या गोड्या पाण्याचा थर असेल तर मिथेन खालीच अडकून राहतो, आणि शरद ऋतूतल्या वादळाने पाणी घुसळलं तर उथळ भागात तो जिवाणूंनी खाण्याआधीच हवेत जातो. तज्ज्ञांचे खरे मतभेद या तिसऱ्या गाळणीवर आहेत.

या सगळ्यातली कळीची गोष्ट बातम्यांत कधी येत नाही. समुद्र बाहेरून आत चढत आला. म्हणून बाहेरची, आज ६०-१०० मीटर खोल असलेली जमीन आधी बुडाली आणि तिचा पर्माफ्रॉस्ट आज सगळ्यात जास्त झिजला-फाटला आहे. किनाऱ्याजवळची शेवटी बुडाली, तिथला अजून बराचसा शाबूत आहे. म्हणजे झाकण जिथे फाटलंय तिथे पाणी खोल आहे, आणि पाणी जिथे उथळ आहे तिथे झाकण घट्ट आहे. यामल द्वीपकल्पाजवळ कारा समुद्रात हे मोजून दिसलं: बुडबुड्यांचे झोत २० मीटरपेक्षा खोल पाण्यात सापडले, त्याच्या आत पर्माफ्रॉस्टने वायू दाबून धरला होता. अपवाद आहेत. नद्यांची बुडालेली पात्रं, जुनी तळी आणि भूकवचातल्या भेगा यांच्याखाली उथळ पाण्यातही आरपार वितळलेले पट्टे असतात. धोका शोधायचा असेल तर तो या पट्ट्यांत शोधावा, सरसकट समुद्रभर नाही.

आता हवेत जाणाऱ्या मिथेनचे आकडे. पूर्व सैबेरियाच्या समुद्रबूड जमिनीसाठी (सुमारे २० लाख चौरस किलोमीटर, सरासरी खोली ५० मीटरच्या आसपास) नतालिया शाखोवा आणि इगोर सेमिलेतोव या रशियन संशोधकांच्या गटाने २०१० मध्ये वर्षाला सुमारे ८० लाख टन हा अंदाज दिला आणि २०१४ मध्ये तो १.७ कोटी टनांवर नेला. त्यानंतर ‘ओडेन’ या स्वीडिश बर्फफोड्या जहाजावरच्या २०१४ च्या मोहिमेतून वेगळ्या गटाने सुमारे ३० लाख टन काढला. किनाऱ्यावरच्या केंद्रांनी मोजलेल्या हवेवरून उलटा हिशोब करणाऱ्यांना शून्य ते ४५ लाख टन मिळाले. तुलनेसाठी, जगभरातल्या सगळ्या स्रोतांतून वर्षाला सुमारे ५७ ते ६० कोटी टन मिथेन हवेत जातो. सगळ्यात मोठा अंदाज घेतला तरी हा वाटा ३ टक्क्यांच्या आत राहतो.

एवढी तफावत कशी? मोजायच्या पद्धतीमुळे. पाण्याचा नमुना घेऊन विरघळलेला मिथेन मोजायचा, वाऱ्याच्या वेगावरून तो किती निसटेल ते गणितानं काढायचं, ही जुनी रीत. त्यात वाऱ्याचा परिणाम साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून वाऱ्याचा आकडा थोडा चुकला की उत्तर खूप चुकतं. नमुन्यात लगेच मर्क्युरिक क्लोराइड घालून जिवाणू मारले नाहीत, किंवा बाटलीत हवेचा बुडबुडा राहिला, तर उत्तर आणखी भलतीकडे जातं. इको-साउंडरवर (ध्वनीच्या प्रतिध्वनीतून पाण्याखालचं टिपणाऱ्या यंत्रावर) बुडबुड्यांचे झोत मोजले तर ते दिसतात छान, पण जहाज मुद्दाम झोतांच्या जागी फिरवलं जातं, आणि ती सरासरी रिकाम्या भागालाही लावली की आकडा फुगतो. ‘ओडेन’वर डोलकाठीवरून हवेतलाच मिथेन आणि वाऱ्याची उभी हालचाल सेकंदाला अनेकदा टिपली होती. माझा कल या पद्धतीकडे आहे, कारण ती निसटलेला वायूच मोजते. तिचंही एक उणं आहे: मोहिमा उन्हाळ्यात होतात. बर्फ धरताना आणि फुटताना काय होतं याच्या मोजण्या फार थोड्या आहेत. म्हणून ३० लाखांचा आकडा मी दुप्पट झाला तर दचकणार नाही, वीसपट झाला तर विश्वास ठेवणार नाही.

५० अब्ज टनांचं काय? २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये एका अर्थशास्त्रीय टिपणात असं गृहीत धरलं होतं, की २०१५ ते २०२५ या दशकात एवढा मिथेन निघाला तर जगाला ६० लाख कोटी डॉलरचा फटका बसेल. तो ‘तर’ पुढे गळून पडला. आज वातावरणात एकूण मिथेनच साधारण ५.३ अब्ज टन आहे. एक पीपीबी (अब्ज रेणूंत एक) वाढायला सुमारे २७.५ लाख टन लागतात. दहा वर्षांत ५० अब्ज टन म्हणजे दरवर्षी सुमारे १,८०० पीपीबीची भर. प्रत्यक्षात २०२१ सारख्या विक्रमी वर्षातही वाढ १८ पीपीबीच्या आसपास होती. ते दशक सरलं. शिवाय २००७ पासून वाढत असलेल्या मिथेनमध्ये कार्बनच्या जड समस्थानिकाचं (जड जातीच्या कार्बन अणूचं) प्रमाण घटतंय, ही जिवाणूंनी बनवलेल्या मिथेनची खूण आहे, आणि वाढीचा रोख उष्ण कटिबंधातल्या पाणथळ जागा, गुरं, शेती यांच्याकडे दिसतो, आर्क्टिकच्या तळाकडे नाही.

आणखी एक पुरावा मला सगळ्यात वजनदार वाटतो. हिमयुग संपताना हीच जमीन बुडत होती, तापमान झपाट्याने वाढत होतं. तेव्हाची हवा अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेली आहे. तिच्यातल्या मिथेनचं वय कार्बन-१४ वरून (काळाबरोबर घटत जाणाऱ्या किरणोत्सारी कार्बनवरून) काढणारा अभ्यास २०२० मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. जुन्या साठ्यांतून आलेला वाटा अगदी थोडा निघाला. अलास्काजवळच्या बोफर्ट समुद्रात आजच्या पाण्यातल्या मिथेनचं तसंच वय काढलं, तेव्हा ३० मीटरपेक्षा खोल भागात पृष्ठभागावरच्या मिथेनपैकी फक्त दहाएक टक्के प्राचीन होता. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या सहाव्या अहवालानेही या शतकात अशा साठ्यांमुळे हवामानाची दिशा अचानक बदलणं फारच असंभाव्य ठरवलं आहे.

मग निर्धास्त राहायचं का? तसंही नाही. २०२० मध्ये २५ तज्ज्ञांचे अंदाज एकत्र करून आलेला हिशोब असा: समुद्राखालच्या पर्माफ्रॉस्टच्या पट्ट्यात सुमारे ५६० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आणि मिथेनच्या रूपात ४५ अब्ज टन कार्बन आहे. उत्सर्जन बेसुमार वाढलं तर इथून २१०० पर्यंत कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत ४३ अब्ज टन आणि २३०० पर्यंत १९० अब्ज टन बाहेर पडतील, दोन्हीभोवती अनिश्चितता मोठी. ४३ अब्ज टन म्हणजे माणूस आज एका वर्षात जेवढं सोडतो त्याच्या आसपास. हा झटका नाही, पण तापमानवाढ आवरायची तर माणसाला अजून जेवढा कार्बन सोडता येईल, त्या शिल्लक मर्यादेतून तो वजा होणारच. उत्सर्जन कडक आवरलं तरी तो जेमतेम ३० टक्क्यांनी कमी होतो, कारण बहुतेक वितळणं समुद्र आला तेव्हाच ठरून गेलं. आणि यात निव्वळ मिथेन नाही, कार्बन डायऑक्साइडही मोठ्या प्रमाणात आहे. त्यावर व्हिडिओ निघत नाहीत.

वितळण्याचा एक परिणाम मात्र खरोखर वेगाने दिसतो, तो तळाच्या आकारावर. कॅनडाच्या बोफर्ट समुद्रात २०१० ते २०१९ मध्ये वारंवार केलेल्या नकाशांत समुद्रतळावर नवे खड्डे दिसले. सगळ्यात मोठा २२५ मीटर लांब, ९५ मीटर रुंद आणि २८ मीटर खोल होता. पर्माफ्रॉस्टच्या कडेने वर येणारं भूजल तिथला बर्फ वितळवतं आणि वरचा गाळ खचतो. अभ्यासकांनी हेही सांगितलं, की याचं मूळ हिमयुग संपतानाच्या जुन्या तापमानवाढीत आहे. तिथे पाइपलाइन किंवा केबल टाकणाऱ्यांनी जुन्या नकाशावर विसंबू नये.

तुम्ही पाठवलेल्या लेखात नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांजवळचे बुडबुडे पुरावा म्हणून दिले आहेत. तिथली भूगर्भीय परिस्थिती निराळी आहे. ती जमीन जाड हिमस्तराखाली होती, तिथली गळती किमान ३,००० वर्षांपासून चालू असल्याचं २०१४ मध्ये दिसलं आहे. भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र तिथेच नी-ओलसुंडला आहे, गोव्यातली ध्रुवीय संशोधन संस्था ते चालवते. म्हणून मराठी बातम्यांत स्वालबार्ड आणि सैबेरिया सर्रास एक होतात. तशीच गल्लत कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या हायड्रेटची होते. ते खोल समुद्रात, दाबामुळे टिकून आहे. त्याचा पर्माफ्रॉस्टशी संबंध नाही.

आपल्याकडच्या परिणामाचं उत्तर छोटं आहे. समुद्राखालचा हा बर्फ वितळल्याने मुंबईच्या किनाऱ्याची पातळी वाढत नाही, तो आधीच पाण्याखाली आहे. मिथेन जगभर मिसळतो, म्हणून आर्क्टिकमधून निघाला काय किंवा भातखाचरातून निघाला काय, तापमानावरचा परिणाम सारखाच. आजच्या घडीला आपल्या हातात असलेला मिथेन तेल-वायूच्या गळत्या, कचरा डेपो आणि शेतीतला आहे, आणि तो कित्येक पटींनी मोठा आहे.

पुढे एखादा नवा आकडा दिसला, तर तो पाण्यात सुटलेल्या मिथेनचा आहे की हवेत गेलेल्या, हे आधी बघा. मग पाण्याची खोली, मोजणीचा महिना, आणि किती जागांवरून किती क्षेत्रफळाला लावला ते. माझं मत बदलू शकेल अशी मोजणी एकच: लीनाच्या मुखापासून पूर्वेकडच्या २० मीटरपेक्षा उथळ पट्ट्यात, वर्षभर, बर्फ धरताना आणि फुटताना घेतलेली. ती सगळी रशियाच्या हद्दीत आहे, आणि २०२२ पासून तिथलं आंतरराष्ट्रीय सहकार्य बहुतांशी थांबलं आहे. तेव्हा पुढची काही वर्षं जुन्याच आकड्यांवर नवे मथळे येत राहतील, हे धरून चाला.